ब्राझीलची रेघ आणि कमलआक्काची चारं

नांदेडच्या चारोळीच्या दलालाने मला फसवलं, आणि तेही दुसऱ्या देशाचं जंगल दाखवून.

माझं श्रीखंड-बासुंदीचं दुकान आहे. घरच्या चुलीवर सुरुवात केली, आज रस्त्यावर पाटी आहे. कुणाच्या बापाने मला भांडवल दिलं नाही, म्हणून कुणाच्या बापाला मी भावात सोडत नाही. चारोळी मात्र अशी चीज आहे की भाव विचारला की माझंच तोंड बंद होतं. दर उन्हाळ्यात दलाल भाव चढवायचा, मी भांडायची, आणि तो मोबाइल पुढे करायचा. त्याच्या बोटाखालची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. “बाई, जंगल बघा कसं खाली चाललंय. आदिलाबादकडं आता चाराचं झाड राहिलं नाही. उद्या चारोळी फोटोत बघायला मिळेल.” रेघ खरीच घसरगुंडीसारखी होती. मी पैसे मोजायची.

यंदा त्याने तेच चित्र मला पाठवलं. माझी सून शाळेत भूगोल शिकवते. तिने ते बोटांनी मोठं केलं आणि हसायला लागली. “आई, हा देशोदेशींच्या जंगलांचा आलेख आहे, आणि ही रेघ आपली नाहीच. खाली बघा, ब्राझील लिहिलंय. आपल्या देशाची ही वरची. ही तर चढतेय.”

मी चष्मा पुसून पाहिलं. चढत होती. चीनची त्याहून जोरात चढत होती, आमची बेताने, पण चढत होती. ब्राझीलचं जंगल तुटलं म्हणून मी नांदेडात बसून भाव मोजत होते! त्या दिवशी दुकानातली बाई माझ्यापासून लांब उभी राहून काम करत होती.

राग उतरल्यावर दुसरा विचार आला. आपली रेघ चढतेय, तर चारोळी गेली कुठे? माझी मावसबहीण कमलआक्का इंद्रवेल्लीच्या पुढे एका खेड्यात दिली आहे. तिच्या सासरच्या पडीक उतारावर चारोळीची झाडं आहेत. तिकडे त्यांना नुसतं ‘चार’ म्हणतात. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिथली चारं खाऊन जीभ जांभळी केली होती. मधे कित्येक वर्षं जाणं झालं नाही. म्हटलं, रेघा पुरे झाल्या. जाऊन झाडंच बघावीत, आणि जमलं तर दलालाला वगळून थेट आक्काकडूनच माल घ्यावा.

आदिलाबाद ते नेरडीगोंडा, जिथे मला जायचंच नव्हतं

किनवटवरून गाडी आदिलाबादला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टेशनबाहेर निम्मी माणसं मराठी बोलतात आणि सगळ्या पाट्या तेलुगूत, त्यामुळे कानाला घर वाटतं आणि डोळ्याला परमुलूख. बाजारात एका किराण्याच्या दुकानी चारोळी मागितली, त्याने मान हलवली. “सारपप्पू?” म्हणत शेजाऱ्याने डबा काढला. दाणा चावून बघितला, खवट होता. तोंड वाकडं करून निघाले, तर दुकानदार म्हणाला, “बाई, दात चांगले हायेत तुमचे, जपून ठेवा.” असा माणूस गिऱ्हाईक टिकवतो. परतताना त्याच्याकडून हळद घेतली.

ठरलं होतं असं: निर्मलकडे जाणाऱ्या बसने गुडीहतनूरच्या फाट्यावर उतरायचं, तिथे आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मोटारसायकल घेऊन उभे राहणार. मावला गाव मागे पडलं. हायवेच्या कडेला गर्द झाडी दिसली, मी मनात म्हटलं, रेघ खरी दिसतेय. तेवढ्यात कंडक्टर आला. बाकी सगळ्या बायकांना त्याने फुकटचं तिकीट दिलं आणि माझ्यापुढे हात पसरला.

“अम्मा, आधार तेलंगाना का होना.”

“आमच्या महाराष्ट्रात बाईला अर्धं तिकीट. तुमच्याकडे पूर्ण माफ. मग मला पूर्ण का? मी इकडची नाही आणि तिकडचीही नाही का?”

“रूल है अम्मा.”

“रूल आहे तर निम्म्यावर तोडू. आमचा रूल घ्या.”

शेजारची बाई माझ्या बाजूने, पुढचा म्हातारा कंडक्टरच्या. म्हातारा म्हणाला, “बाई, सासरी यायचं तं सासरचा कायदा.” मी म्हटलं, सासर नाही, बहिणीचं घर आहे. त्यावर तो म्हणाला, मंग तं दुप्पट घ्या. सगळी बस हसली. मी पूर्ण तिकीट काढलं, पण शेवटपर्यंत बोलत राहिले, आणि बोलण्याच्या भरात गुडीहतनूर मागे गेलं. कंडक्टरला माझा थांबा माहीत होता की नाही, देव जाणे. मला उतरवलं नेरडीगोंड्याला.

दाजींना फोन लावला. ते फोनवरच हसत सुटले. “साळीबाई, तिकीट वसूल केलं म्हणा!”

परतीची जीप भरायला वेळ होता. ऊन असह्य झालं म्हणून रस्त्यापलीकडच्या झाडीत शिरले. लांबून जंगल वाटत होतं. आत गेल्यावर बघते तर नीलगिरी, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारखी, ओळीने. पानं उभी लोंबलेली, त्यामुळे सावली म्हणाल तर ओढणीच्या चिंध्यांइतकी. खाली गवताची काडी नाही. पाखरू नाही. मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा शंका आली, की त्या चढत्या रेघेत हेही धरलं असेल का? सुनेला फोन केला. ती म्हणाली, “हो आई, लावलेली झाडंही मोजतात. एवढ्या जागेवर एवढी सावली पडली की जंगल. झाड कुठलं, ते विचारत नाहीत.”

म्हणजे दलालाने खाली जाणारी परकी रेघ दाखवली होती, आणि आमची स्वतःची चढती रेघही सरळ माणसाची नव्हती.

इंद्रवेल्लीच्या पुढे

संध्याकाळी दाजींच्या मागे बसून निघाले. इंद्रवेल्लीला, पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या गोंडांच्या स्तंभापाशी, त्यांनी गाडी हळू केली आणि हात छातीला लावला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस, मोह, तेंदू दिसायला लागले आणि वाऱ्याला वास आला. नेरडीगोंड्याच्या त्या झाडीला वास नव्हता, औषधाच्या बाटलीचा सोडला तर.

आक्काने जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची आंबट भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार असं वाढलं. आमच्याकडे अंबाडीत कण्या घालतात, हिने तेलुगू शेजारणीचं बघून लाल मिरची आणि लसूण खलबत्त्यात कुटून घातली होती. मी दोनदा मागून घेतली. आक्का मात्र जेवली नाही धड. मी चारांचा विषय काढला तर ती ताटाकडे बघत म्हणाली, “पाहून घे उद्या. परवा कापणार हायेत.”

“काय कापणार?”

“चारं. सगळा उतार. याह्यनं नीलगिरी लावायचं ठरवलं. कंपनीचा माणूस रोपं देते, नेतेही तोच. आमच्या शेजारच्या शेषरावनं मागच्याच्या मागच्या साली लावली.”

दाजी पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, “काऊन तोंड पाडून राह्यली तू? झाडाच्या जागी झाड लावतो. घर तं नाही विकून राह्यलो.”

“तुमी नाही वेचत ना चारं. मी वेचतो,” आक्का म्हणाली. तिकडे बायकाही वेचतो, जातो असंच म्हणतात. “माह्या सासूनं राखली, तिच्या सासूनं राखली.”

“तिच्या सासूले कोनी मोबाइलवर नीलगिरीचा हिशेब नव्हता दाखवला,” दाजी म्हणाले. विनोद होता, पण आक्काने ताट उचललं.

मी घरची पाव्हणी. नवराबायकोच्या मधे बोलू नये हे मला कळतं. पण मी व्यापारीही आहे, आणि माझा माल परवा आडवा होणार होता.

उतारावर

सकाळी उन्हाच्या आत आक्का मला घेऊन गेली. उतार तसाच होता. मला वाटलं होतं, जुनी आठवण मोठी असते, प्रत्यक्षात चारदोन झुडपं निघतील. तसं नव्हतं. मगरीच्या पाठीसारख्या काळ्या, चौकोनी भेगांच्या सालीची झाडं, रुंद पानं, आणि फांद्यांच्या टोकांना फळांचे घोस. काही हिरवी, काही काळी पडत आलेली. मधे मोह, तेंदू, धावडा, बिब्बा, आपापल्या जागी. एका फांदीवरून हरियल पाखरांचा थवा उठला. मी खाली मातीतच बसले. इतका जीव हलका झाला की काय सांगू! वर्षानुवर्षं ज्याला मेलेला समजावं तो माणूस ओसरीवर चहा पिताना दिसावा, तसं.

आणि लगेच आठवलं, उद्या.

व्यापाऱ्याचं डोकं चाललं. “आक्का, कापायचीच आहेत तर आज सगळा पाड उतरवून घेऊ. हिरवी का होईनात, सुकवू. बायका बोलाव. माझी पोती आहेत.”

आक्काने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिच्या देव्हाऱ्यात चपला घालून गेले. “आजून देवाले गेलं नाही.”

ओढ्यापलीकडे गोंडांचा गुडा, म्हणजे पाडा, आहे. तिथली म्हातारी भीमबाई दरसाल पहिली चारं याच उतारावरून पळसाच्या पानात घेऊन जाते. त्यांच्या देवाला वाहिल्याशिवाय नवं फळ कुणी तोंडात घालत नाही, आणि आक्काच्या सासरच्यांनीही, जात वेगळी, देव वेगळा, तरी तोच नेम धरला आहे. जमीन यांची, पण पहिलं फळ तिचं. भीमबाई येईपर्यंत लेकरंही हात लावत नाहीत. हिरवी फळं आधी ओरबाडायची, फांद्या मोडायच्या, आणि पुढच्या साली झाडाने पाठ फिरवली की रडायचं, हे त्यामुळे इथे कधी झालंच नाही. म्हणून तर झाडं उभी होती.

तेवढ्यात दाजी आले, हातात दोरी आणि चुन्याची पिशवी. कुठली झाडं आधी पाडायची त्यांना खुणा करायच्या होत्या. मला राहवलं नाही.

“दाजी, एक विचारू? आज चार तोडून खाल्लं तर पाप?”

“व्हय. भीमबाई आली नाही आजून.”

“आणि उद्या झाड तोडलं तर?”

दाजींनी दोरी खाली ठेवली. “झाडाचं कोनी सांगलं नाही.”

“सांगितलं नाही कारण असलं येडं काम कुणी करेल असं कुणाला वाटलंच नाही! फळाला हात लावायला तुम्ही घाबरता, आणि बुडावर कुऱ्हाड चालते? हा कुठला नेम?”

“साळीबाई, तुमाले चारोळी पायजे म्हणून बोलून राह्यले तुमी.”

“पाहिजेच आहे! लपवते का? पण मला फळ पाहिजे. तुमच्या कंपनीवाल्याला बुंधा पाहिजे. दोघांतला कोण पुढच्या साली परत येईल, ते तुम्हीच सांगा.”

ते चिडले, चुन्याची पिशवी खाली आपटली, पण खूण एकाही झाडावर केली नाही.

कंपनीचा माणूस

दुपारी तो आला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, मला त्याच्याशी वैर नाही. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं, हातात पाटीएवढा मोबाइल. ओसरीवर बसून ताक प्यायला. मी आतून ऐकत होते. त्याने पाटीवर रेघा काढल्या, आणि मी उठूनच बाहेर आले. रेघा म्हटलं की आता मला कापरं भरतं.

“देखो पटेल साब,” तो दाजींना म्हणाला, “ये चीन. कहाँ था, कहाँ गया. पेड़ लगाए इसलिए. ये अपना देश. और ये नीचे जा रहा है ब्राझील. आपको किसमें रहना है?”

दाजी मान डोलवत होते. मोठमोठ्या देशांच्या रांगेत आपला उतार बसतोय म्हटल्यावर कुणाची मान डोलणार नाही? मी विचारलं, “भैया, ये रेघ मेरे को भी समझाओ. आज इस उतार पे जो झाड़ है, वो तुम्हारे जंगल में गिने हैं?”

“गिने होंगे अम्मा. ऊपर से फोटो निकालते हैं.”

“अच्छा. कल ये सब काट दिए. तो रेघ कितनी नीचे आएगी?”

त्याचा चेहरा खुलला. हाच प्रश्न त्याला कुणीतरी विचारावा असं वाटत असणार. “बिलकुल नहीं आएगी! वही तो अच्छी बात है अम्मा. नीलगिरी लगेगा ना, वो भी जंगल में ही गिनते हैं. कागज पे एक पत्ता कम नहीं होगा.”

दाजींची मान डोलायची थांबली.

“फिर से बोलो,” ते म्हणाले.

त्याने पुन्हा सांगितलं, आणखी खुशीत.

“मतलब ये खड़ा रहा क्या और गिरा क्या, तुम्हारे लिए एकच?”

“जी, एकच.”

“मंग आमी इतके वर्सं काय राखून राह्यलो?” दाजींचा आवाज चढला. ते मराठीतच बोलायला लागले, समोरच्याला कळतंय की नाही याची फिकीर न करता. “माही आजी उन्हाळाभर उतारावर लाठी घेऊन बसे. पोरायनं हिरवं तोडलं तं माह्या बापाले सुद्धा मारे. ते धरलं नाही कोठंच? त्या ब्राझीलवाल्याचं तं बरं हाय बापा, त्याचं गेलं तं गेलं म्हणून दिसते तरी! माह्यं गेलेलं दिसत बी नाही?”

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. “क्या बोल रहे पटेल साब?”

“बोल रहे हैं, ताक और लोगे क्या,” मी म्हटलं.

“नाही,” दाजी म्हणाले, “ताक झालं. आता जा म्हणा. रोपं दुसऱ्याले दे म्हणा.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, पाव्हण्याला असं लावणं त्यांनाच जड गेलं असावं, त्यांनी आक्काला हाक मारून त्याच्यासाठी कैऱ्या बांधून द्यायला सांगितल्या. तो कैऱ्या घेऊन गेला. आक्का चुलीशी उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि दाजी आत आल्यावर म्हणाली, “चुन्याची पिशवी आना, भिंतीले लावाले कामी येईल.”

मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

पहिलं फळ

मी दोन दिवस जास्त राहिले. शाळेला सुट्टी होती, म्हणून दुकानावर सून होती. भीमबाई आली तेव्हा आम्ही सगळे उतारावर गेलो. वाकलेली, काटक बाई, हातात पळसाची पानं. मराठी बोलते, पण अर्धं डोळ्यांनी. तिने काळी चारं निवडून घेतली, झाडाच्या बुडाशी काहीतरी पुटपुटली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आता खा.” मी खाल्लं. आंबटगोड, मधाची चव मागून येणारी. जीभ जांभळी झाली.

मग बायकांनी चटया अंथरल्या, वेचणी सुरू झाली. फळं भिजवून, रगडून, बिया वाळवून, जात्याचा वरचा दगड किंचित उचलून ती फोडतात, म्हणजे कवच फुटतं आणि दाणा अखंड राहतो. मी फोडल्या त्यांतल्या निम्म्यांचं पीठ झालं. आक्काने जातं माझ्या हातून काढून घेतलं. भाव ठरवताना तर तिने मला रडवलं. सख्खी मावसबहीण, पण एक पैसा सोडला नाही. मी ओरडले, ती हसली. मी उठून गेले, तिने हाक मारली नाही. शेवटी मीच परत आले. आयुष्यात पहिल्यांदा सौदा हरून मी आनंदाने घरी आले आहे.

निघायच्या सकाळी भीमबाईबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले. आक्काच्या उतारापलीकडे शेषरावची नीलगिरी लागते. भीमबाई तिथे थांबली. पूर्वी ती इथूनही चारं नेत असे, इथली जास्त गोड होती, ती म्हणाली. मग तिने त्या सरळ ओळींकडे हात करून मला विचारलं, “हे जंगल गेलं कुठं?”

मी व्यापारी बाई आहे. तिने भाव विचारला असता तर सांगितला असता. पण ते जंगल गेलं असं कुठेच लिहिलेलं नाही, देशाच्या रेघेला साधा खड्डादेखील पडलेला नाही, हे मी त्या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगू? नांदेडच्या दलालाचं मी बघून घेतलं आहे, त्याची रेघ आता माझ्या दुकानात चालत नाही. पण ज्यांनी कुणी चाराचा उतार आणि नीलगिरीच्या ओळी एकाच मापाने मोजून दोन्ही सारख्या धरल्या, त्यांचं नाव मला ठाऊक नाही. ते ज्या देशात, ज्या कचेरीत बसत असतील, तिथून त्यांनी यावं. रस्ता मी वर लिहिला आहे. गुडीहतनूरच्या फाट्यावर उतरावं, ओढ्यापाशी यावं, शेषरावच्या बांधावर भीमबाईसमोर उभं राहावं आणि तिने मला विचारलं त्याचं उत्तर द्यावं. मी देणार नाही. मोजलं त्यांनी, उत्तरही त्यांनीच द्यायचं.